माणसे पाचाची चौदा झाली. आता कामाचा मेळ कसा राखावा?

प्रश्न : राजापूर तालुका, कोकम आणि आंबा प्रक्रिया

सर्वांना नमस्कार.

राजापूर तालुक्यात, खाडीकाठच्या एका गावात आमचा कोकम आणि आंब्यावर प्रक्रिया करण्याचा लहानसा उद्योग आहे. २०१४ साली घराच्या पडवीत मी आणि वाडीतील चार जणी अशा पाच बायकांनी आमसुले आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) करून सुरुवात केली. आज आम्ही चौदा जण आहोत. अमृत कोकम, आंबापोळी, फणसपोळी आणि डबाबंद आमरस असा माल पुण्या-मुंबईच्या दुकानांत जातो आणि गेल्या दोन वर्षांपासून मोबाइलवरून थेट गिऱ्हाइकांकडेही जातो. यंदा कर्ज काढून वाफेवर चालणारी मोठी कढई आणि बाटल्या भरण्याचे यंत्र घ्यावे असा विचार आहे. पण गेल्या मे महिन्यात जे घडले ते पाहिल्यापासून यंत्राआधी माणसांचा विचार करायला हवा असे मला सारखे वाटते आहे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी बावीस क्रेट रतांबे, म्हणजे कोकमाची फळे, आले. पहिल्या दिवसापासून आमच्यासोबत असलेल्या मावशींनी ते सगळे फोडून घेतले, साले गच्चीवर पसरली आणि मिठाच्या रसाचे पहिले पूट देऊन टाकले. आमसूल हा आपला पाया आहे, त्याला कमी पडू द्यायचे नाही, असे मीच त्यांना सांगितलेले होते. त्याच्या आदल्या रात्री माझ्या भाच्याने, जो विक्री पाहतो, पुण्याच्या एका दुकानाला चारशे बाटल्या अमृत कोकम बारा दिवसांत देण्याचा शब्द दिला होता. अमृत कोकमासाठी ताजी साले साखरेत घालावी लागतात. मीठ लागलेले साल त्यासाठी कामाचे राहत नाही. माझे यजमान खरेदी आणि वाहतूक पाहतात. त्यांनी त्याच दिवशी आमचा एकुलता एक टेम्पो आंब्याचा रस डबाबंद करून आणण्यासाठी रत्नागिरीकडे पाठवला होता, त्यामुळे दुसरीकडून रतांबे आणायला गाडीही हाताशी नव्हती. शेवटी चढ्या भावाने फळ घेतले आणि सगळ्यांना बाटल्यांवर बसवले. तेवढ्यात मिरगाच्या आधीचा पाऊस आला. गच्चीवरची साले घाईघाईने ताडपत्रीखाली ढकलली गेली. तिसऱ्या दिवशी ताडपत्री उचलली तेव्हा खालच्या थरावर पांढरी बुरशी धरलेली होती. मावशी त्या ढिगाशेजारी बसून एकेक साल हातात घेऊन निवडत राहिल्या आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत.

यात कामचुकार कोणीच नव्हते. प्रत्येक जण उद्योगाच्या भल्याचेच करत होता आणि तरीही प्रत्येकाचे काम दुसऱ्याच्या कामाच्या आड आले. मी सोमवारची बैठक सुरू करून पाहिली. चार आठवड्यांत तिची नुसती हजेरी झाली. ज्यांनी हा टप्पा पार केला आहे त्यांनी आपला अनुभव सांगावा, ही विनंती.

उत्तर : वेंगुर्ले, काजू प्रक्रिया

ताई, नमस्कार. आमच्याकडे रतांब्यांऐवजी काजू आहे, पण गाठ तीच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी एक साधे गणित मांडतो, कारण त्याने आपल्या मनावरचा भार थोडा उतरेल. पाच माणसांत दोघादोघांच्या जोड्या दहा होतात. चौदा माणसांत त्या एक्याण्णव होतात. पडवीत पाच जणी मांडीला मांडी लावून बसत होता तेव्हा सकाळच्या चहाबरोबर निघालेला शब्द दुपारपर्यंत सगळ्यांच्या कानी पडलेला असे, आणि त्यासाठी कोणालाही वेगळे कष्ट घ्यावे लागत नसत. माणसे तिपटीलाही पोहोचली नाहीत, पण बोलण्याच्या वाटा नऊपट झाल्या. म्हणजे आपल्या माणसांचा जीव कामातून उडाला आहे असे मुळीच नाही. जी गोष्ट आपोआप होत होती ती आता कोणीतरी मुद्दाम करावी लागणार आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता आमचे सांगतो. काजूच्या बाजारात गराला भाव त्याच्या आकारावर आणि अखंडपणावर मिळतो. ३२० नंबर म्हणजे एका पौंडात, सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अख्खे गर. २४० नंबर म्हणजे २२० ते २४०, म्हणजेच मोठा गर. तोच गर फुटून पाकळी किंवा तुकडा झाला की भाव खाली येतो. आम्ही वर्षानुवर्षे काजू फोडण्याच्या कामावरच्या (फोडणीवरच्या) बायकांना बजावत होतो की अख्खा गर जपा. विक्रीही आम्ही अख्ख्या गराच्या भरवशावर करत होतो. मजुरी मात्र किलोवर देत होतो, आणि त्या किलोत अख्खा आणि तुकडा यांचे वजन एकच धरले जात होते. तोंडाने एक सांगत होतो आणि मजुरीच्या वहीतून दुसरेच. त्यांनी वहीचे ऐकले, आणि त्यांचे काहीच चुकले नाही. घर वहीवर चालते. ज्या वर्षी अख्ख्या गराचा दर वेगळा आणि चढा लावला, त्याच हंगामात ट्रेमधला तुकडा डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला. त्यासाठी एकही भाषण करावे लागले नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की आपल्याकडे कोणाचे काम कशाने मोजले जाते, ते एकदा कागदावर मांडून पाहा. आपल्या लिहिण्यावरून मला असे दिसते की भाच्याचे कौतुक ऑर्डरीवर होते, मावशींचे आमसुलावर आणि आपल्या यजमानांचे गाडी रिकामी न धावण्यावर. तिघांची मापे वेगळी आहेत आणि फळ मात्र एकच आहे. त्या सकाळी जे झाले त्याला आपण गोंधळ म्हणता. मला तर वाटते की तिघांनीही आपापले माप चोख भरले.

दुसरे असे की ‘सगळेच महत्त्वाचे’ हा आदेश नसतो. दोन कामे एकमेकांना आडवी आली की आधी कोणते, हे रतांबे यायच्या आधीच ठरलेले असले पाहिजे. आम्ही फोडणीच्या शेडच्या दारावर एक काळा फळा लावला आहे आणि त्यावर हंगामभर तीनच ओळी असतात : माल कमी पडला तर पहिला हक्क कोणाचा, दुसरा कोणाचा, तिसरा कोणाचा. उदाहरणार्थ, आगाऊ रक्कम आलेली ऑर्डर पहिली. नेहमीच्या दुकानांचा ठरलेला माल दुसरा. बाकी सगळे त्यानंतर. हा क्रम बदलण्याचा अधिकार एकाच माणसाला आहे आणि तोही सकाळी माल उतरायच्या आधी. फोडणी सुरू झाली की त्या दिवसापुरता मीसुद्धा बदल करत नाही.

सोमवारची बैठक का फसली, याचेही कारण मला ठाऊक आहे असे वाटते, कारण आमचीही तशीच फसली होती. चौदा जणांना बसवून चौघांच्या कामाचे बोलले की दहा जण घड्याळ पाहतात. त्याऐवजी माल आणणारा, माल करणारी आणि माल विकणारा, असे तिघेच रोज सकाळी क्रेट उतरताना उभ्या उभ्या दहा मिनिटे बोलू द्या. आज आले किती, जाणार कशात, शब्द कोणाला दिलेला आहे, एवढेच तीन प्रश्न. आपण स्वतः तेथे ऐकायला असा, पण सुरुवातीचे दोन आठवडे तरी बोलू नका.

उत्तर : मालवण, निवास-न्याहारी

वेंगुर्ल्याच्या दादांनी लिहिले ते पटते, पण एका बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. फळ्यावरून काय करायचे ते कळते. दुसऱ्याच्या कामाची ओढ त्यातून येत नाही.

माझ्या वडिलांच्या काळात आमचे घर रापणीत होते. होडीतून जाळे अर्धगोलात टाकत नेतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरची माणसे ओढून घेतात. एका बाजूने जोर जास्त लावला तर जाळे तिरके होते आणि मासळी बाहेर पडते. म्हणून वडील सांगत की आपल्या दोरीकडे बघू नको, समोरच्या दोरीकडे बघ. हे बघणे कोणाला शिकवावे लागत नसे, कारण दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा त्या मासळीत वाटा असे. समोरची दोरी मागे पडली तर आपल्या घरचे कालवण कमी होणार, हे लहान पोरालाही समजत होते. ताई, आपल्या मावशींना चारशे बाटल्यांचे आणि भाच्याला बुरशी लागलेल्या आमसुलांचे काही वाटावे असे आपल्याला वाटत असेल, तर हंगामाअखेरीच्या नफ्यातील ठरावीक हिस्सा चौदा जणांत वाटण्याची पद्धत सुरू करण्याचा विचार करावा. हिस्सा लहान असला तरी चालेल, पण तो हंगाम सुरू व्हायच्या आधी जाहीर झालेला असावा. दिवाळीला मालकाच्या मर्जीने मिळणारी रक्कम घेणाऱ्याला आनंद देते, परंतु मे महिन्यातल्या घाईच्या दिवशी ती कोणाला आठवत नाही.

आणखी एक. आपल्या गावांत शिमग्याची पालखी कोणत्या घरी कधी जाणार, पहिला मान कोणाचा, ढोल कोणाचा, हे कुठेही लिहिलेले नसते आणि तरी चुकत नाही. त्यामुळे आपल्या लोकांना लिहिण्याची गरज नाही असे आपण समजतो. पण गावऱ्हाटी पिढ्यान्‌पिढ्या तीच चालत आली आहे, म्हणून ती तोंडी टिकते. आपला धंदा दर वर्षी बदलतो आहे : दोन वर्षांपूर्वी मोबाइलवरची विक्री आली, यंदा कढई येईल. जे दर वर्षी बदलते ते तोंडी राहत नाही. त्याबरोबरच शिमगा आणि गणपती या दोन्ही वेळी कोण किती दिवस नसेल, हेही त्याच फळ्यावर आधीच लिहून ठेवावे. आमच्याकडे पर्यटकांची आरक्षणे घेण्याआधी मी तेच पाहतो.

उत्तर : चिपळूण, निवृत्त बँक अधिकारी

मी कर्जाच्या बाजूने लिहितो, कारण आपल्या प्रश्नातील ते एक वाक्य बाकीच्यांनी ओलांडून पुढे गेल्यासारखे वाटले.

कढई आणि बाटल्या भरण्याचे यंत्र यंदाच एकत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्राने काम वेगाने होते, आणि चुकीच्या क्रमाने चाललेले कामही तितक्याच वेगाने होते. आपल्या मावशींनी बावीस क्रेट हाताने फोडले म्हणून नुकसान बावीस क्रेटांवर थांबले. एक हंगाम वरील पद्धतीने काढा, कोणत्या मालावर किती सुटते ते पाहा, आणि मग दोहोंपैकी एक यंत्र घ्या. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, असे कर्जाशी जोडलेले अनुदान ठेवलेले आहे. सध्याची स्थिती जिल्हा कृषी कार्यालयात विचारून घ्यावी. परंतु अनुदानासाठी यंत्र घेण्याचा मोह टाळावा. उरलेल्या रकमेचा हप्ता पावसाळ्यातही भरायचा असतो, आणि तेव्हा आपल्याकडे फळ नसते.

आता माणसांविषयी. चारशे बाटल्यांच्या त्या ऑर्डरीचा हिशेब आपल्या भाच्यासमोर बसून मांडावा, असे सुचवतो. साखर रोख, बाटल्या रोख, मजुरी आठवड्याला रोख, रतांबे चढ्या भावाने रोख. आणि दुकानदाराकडून पैसे कधी आले? विक्री वाढत असताना हातातली रोकड आटते, हे नव्या विक्रेत्याला कोणी सांगितलेलेच नसते. आपण उद्यम नोंदणी केलेली असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार खरेदीदाराने लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत, पैसे देणे बंधनकारक आहे. हा नियम भाच्याला तोंडपाठ असावा, म्हणजे ऑर्डर घेतानाच तो तारीख लिहून घेईल.

हिशेब कामगारांना दाखवावा का, हा प्रश्न मला नोकरीत अनेक उद्योजकांनी विचारला. १९८३ साली अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्ड येथे जॅक स्टॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठे कर्ज काढून आपलाच इंजिन-दुरुस्तीचा कारखाना मूळ कंपनीकडून विकत घेतला आणि साध्या कामगारांनाही ताळेबंद वाचायला शिकवले. त्या कारखान्याच्या पुढच्या यशात या पद्धतीचा वाटा मोठा मानला जातो. आपल्याकडे एवढे करण्याची गरज नाही. एका किलो आमसुलामागे फळ किती, मीठ किती, मजुरी किती, आणि हाती काय राहते, एवढी चार आकड्यांची ओळ सगळ्यांना माहीत झाली तरी पुरे. मालवणकरांनी सुचवलेला वाटाही त्यानंतरच द्यावा. हिशेब न दाखवता दिलेल्या वाट्यामुळे कुजबुज सुरू झालेली मी पाहिली आहे.

उत्तर : दापोली तालुका, पॅकिंग आणि हिशेब

मी मालक नाही. अशाच एका उद्योगात मी पॅकिंग आणि वहीचे काम करते, त्यामुळे खालच्या बाजूने काय दिसते तेवढे सांगते. रागावू नये, काकू.

आमच्या बाई मनाने फार चांगल्या आहेत, परंतु त्या सकाळी स्वयंपाकघरात एकीला सांगतात, दुपारी फोनवर दुसऱ्याला सांगतात आणि संध्याकाळी गाडीवाल्याला तिसरेच सांगतात. प्रत्येक वेळी त्या मनापासून बोलतात, म्हणून प्रत्येक जण तेच खरे धरतो. मग दोघी भांडतात आणि दोघीही म्हणतात, “बाईंनीच सांगितलं.” आपल्या प्रश्नात ‘मीच त्यांना सांगितलेले होते’ असे एक वाक्य आहे. भाच्यालाही आपण काही सांगितले होते का, ते एकदा आठवून पाहावे.

आमच्याकडे आता एवढाच नियम केला आहे की बाईंनी कोणालाही दिलेले नवे काम माझ्या वहीत आल्याशिवाय सुरू करायचे नाही. सुरुवातीला बाईंना ते जड गेले, कारण स्वतःच्याच उद्योगात आपल्याला विचारून घ्यावे लागते असे त्यांना वाटले. आता त्या स्वतः फोन करून “वहीत घे गं” म्हणतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर : राजापूर तालुका

सर्वांचे मनापासून आभार. दापोलीच्या मुलीचे उत्तर वाचून मी गेल्या वर्षीची डायरी काढली. एप्रिलमध्ये मी भाच्याला लिहून दिले होते की या वर्षी बाटल्यांचा माल दुप्पट करायचा आहे. मावशींना आमसुलाविषयी मी पाडव्याला सांगितले होते. दोन्ही वेळी मी खरेच बोलत होते, आणि दोन्ही मिळून पुरेल एवढे फळ आमच्याकडे येत नाही हा हिशेब मी केलेला नव्हता. रागावण्याचे काही कारण नाही. उलट हे मला दुसऱ्या कोणी सांगितले नसते. काल मावशींकडे गेले आणि ती डायरी त्यांना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, “मग बुरशी कोणाच्या हातची, ते मी उगाच शोधत होते.”

यंदा यंत्र घेत नाही. शिमग्याच्या आधीच्या रविवारी मी, यजमान, मावशी आणि भाचा असे चौघे बसून फळ किती येणार त्याचा अंदाज घेऊ आणि आमसूल, आगळ, अमृत कोकम यांत त्याची वाटणी ठरवू. भाच्याला त्या वाटणीच्या पलीकडे शब्द देता येणार नाही, आणि मावशींना त्याच्या वाट्याच्या क्रेटांना मीठ लावता येणार नाही. टेम्पोचा मेमधला एकेक दिवस त्याच कागदावर लिहिला जाईल. नफ्याच्या वाट्याविषयी यजमानांशी बोलणे सुरू आहे. त्याआधी आमसुलाच्या एका किलोचा हिशेब चौदा जणांसमोर मांडायचा, एवढे ठरले आहे.

एक अडचण उरते. आमच्या चौदा जणांतील तिघींना वाचता येत नाही, आणि फोडणीवर नेमक्या त्याच असतात. त्यांना फळा उपयोगाचा नाही, आणि दर वेळी कोणाला तरी विचारावे लागणे त्यांना कमीपणाचे वाटेल. याला कोणी काही उपाय केला आहे का?

उत्तर : वेंगुर्ले, काजू प्रक्रिया

ताई, आमच्याकडे हे क्रेटांच्या रंगावर चालते. अख्ख्या गराचा क्रेट निळा, पाकळीचा पिवळा आणि परत तपासायचा तो लाल. आपल्याकडे बागेतून फळ उतरतानाच मीठ लावायचे ते एका रंगात आणि साखरेत जायचे ते दुसऱ्या रंगात भरून घ्यावे. त्या दिवशीची वाटणी तिघांनी सकाळी ठरवली की रंगाप्रमाणे क्रेट लावण्याचे काम त्या तिघींपैकीच एकीकडे द्यावे. मात्र दोन्ही रंगांचे क्रेट पुरेसे घेऊन ठेवा. ऐन मेमध्ये एका रंगाचे क्रेट संपले की कोणीतरी हाताला लागेल त्यात भरते, आणि आमच्याकडे पहिल्या वर्षी नेमके तेच झाले होते.